दर्पणात कोण दिसते?

प्रवासात शेजारी बसलेल्या एखाद्या अनोळखी गृहस्थाने तुम्हांला ‘बाळ, तू कोण?’ असे विचारले, तर तुम्ही काय सांगता? प्रथम आपले नाव सांगता, मग आईवडिलांचे. पुढे गाव, शाळा, इयत्ता असा क्रम लागतो. गृहस्थ चौकस असले आणि त्यांनी आणखी विचारपूस केली, तर ‘आम्ही मराठी’, ‘आम्ही भारतीय’ असेही तुम्ही सहज सांगून जाल. यांतील पहिली उत्तरे तुम्हांला कोणी शिकवावी लागली नाहीत. आईवडील रोज डोळ्यांसमोर असतात, गाव पायांखाली असते, शाळेच्या भिंतींना हात लावता येतो. परंतु ‘मराठी’ किंवा ‘भारतीय’ या एका शब्दाने ज्या कोट्यवधी माणसांशी आपण नाते जोडतो, त्यांपैकी किती जणांना आपण पाहिलेले असते? २०११ सालच्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्राची लोकसंख्या अकरा कोटींहून अधिक भरली. एखादा मनुष्य रोज शंभर नव्या माणसांना भेटत राहिला, तरी शंभर वर्षांत त्याच्या भेटी साडेछत्तीस लाखांपलीकडे जावयाच्या नाहीत. मग ज्यांचे तोंडही पाहिले नाही, त्यांच्याविषयी ‘हे आमचे’ असे आपणांस का वाटावे?

याचे उत्तर असे की, ती माणसे आपल्यापर्यंत कोणीतरी आणून पोचवलेली असतात. वृत्तपत्र, नभोवाणी, चित्रपट, दूरदर्शन आणि अलीकडचा भ्रमणध्वनी ही सर्व अशी पोचवणारी साधने होत. त्यांना प्रसारमाध्यमे म्हणतात. ती बातम्या आणतात हे तर सर्वांना ठाऊक आहे. पण बातमी सांगता सांगता ती आणखी एक गोष्ट हळूच आपल्या कानात सांगून जातात: ‘तुम्ही कोण आहात, आणि ते दुसरे कोण आहेत.’ हे दुसरे काम गाजावाजा न करता चालते, म्हणूनच ते नीट समजून घ्यावयास हवे.

छापखाने येण्यापूर्वी बातमी माणसाच्या पायांनी चाले. गावात दवंडी पिटली जाई. तिचा आवाज वेशीपर्यंत पोचून तेथेच विरे. शाहीर पोवाडे गात, कीर्तनकार आख्यानाच्या ओघात चार गावांच्या वार्ता सांगत, आणि बाजारच्या दिवशी शिळी-ताजी हकिगत भाजीपाल्याबरोबर घरी येई. पंढरीच्या वाटेवर मात्र दूरदूरची माणसे एकत्र चालत आणि एकच अभंग गात. निरनिराळ्या मुलखांतील लोकांना ‘आपण सारे एका भाषेचे’ असे वाटावयास लावण्याचे कार्य वारीने छापखान्याच्या कितीतरी शतके आधी आरंभले होते, हे विसरून चालणार नाही. परंतु वारी वर्षातून ठराविक वेळीच निघावयाची. रोजच्या किंवा आठवड्याच्या जीवनात परस्परांशी बोलण्याचे साधन मराठी माणसांपाशी नव्हते.

१८३२ साली मराठी बोलणारे लोक किती राज्यांत विभागले होते ते पाहा. मुंबई, पुणे व कोकण ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात होते. साताऱ्यास छत्रपतींची आणि नागपुरास भोसल्यांची गादी होती. मराठवाडा निजामाच्या अंमलाखाली, तर गोवा पोर्तुगीजांच्या. अशा त्या वर्षी, ६ जानेवारी रोजी, मुंबईत ‘दर्पण’ या नावाचे पत्र निघाले. मराठीतील हे पहिले वृत्तपत्र. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे देवगडजवळच्या पोंभुर्ले गावचे. त्या वेळी त्यांचे वय अवघे विशीच्या आसपास होते. पत्राच्या पानावर एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर असे. आपल्या लोकांना नव्या विद्येची ओळख व्हावी आणि राज्यकर्त्यांना येथील लोकांचे मन कळावे, असा यामागील हेतू. वर्गणी भरून वर्तमानपत्र घेण्याची सवय तेव्हा कोणालाच नव्हती, त्यामुळे वर्गणीदार फार थोडे मिळाले, आणि १८४० साली ते पत्र बंद पडले. तरीही आज महाराष्ट्रात ६ जानेवारी हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, तो याच ‘दर्पणा’च्या स्मरणार्थ.

‘दर्पण’ म्हणजे आरसा. हे नाव मोठ्या विचाराने ठेवलेले आहे. आपला चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही. तो पाहण्यासाठी बाहेरची वस्तू लागते. समाजाचेही तसेच आहे. ‘प्रभाकर’ पत्रातून १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने गोपाळ हरी देशमुख यांनी शंभरावर पत्रे लिहिली व आपल्या लोकांच्या आळसावर, अज्ञानावर आणि जुन्या खुळांवर कडक टीका केली. ती वाचून कित्येकांना राग आला. पण राग आला तोही ‘हे आमच्याविषयी आहे’ असे वाटले म्हणूनच ना? एरवी दुसऱ्याच्या दोषांवर कोण रागावतो?

पुढे ही ‘आम्ही’ची जाणीव किती बळकट झाली, हे एका प्रसंगावरून दिसून येते. लोकमान्य टिळकांचे ‘केसरी’ पत्र १८८१ साली पुण्यात निघाले. त्याची भाषा ठसठशीत आणि साध्या माणसाला समजेल अशी होती. ज्यांना अक्षर येत नसे तेही ते ऐकत. कारण त्या काळी एकाने मोठ्याने वाचावे आणि भोवती बसलेल्या दहा जणांनी ऐकावे, अशी रीत होती. १९०८ साली ‘केसरी’तील लेखांबद्दल सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला आणि त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस. हे कामगार बहुतेक रत्नागिरी आणि सातारा या भागांतून पोटासाठी आलेले. त्यांतील किती जणांनी टिळकांना समक्ष पाहिले असेल? गावाकडे असते तर ते आपापल्या भावकीपुरते आणि शिवारापुरते राहिले असते. परंतु त्या सहा दिवसांत त्यांनी स्वतःची जी ओळख रस्त्यावर येऊन सांगितली, ती कोणत्याही एका गावची नव्हती.

येथवर वाचून तुम्हांला वाटेल की, वृत्तपत्र निघाले आणि सारे लोक एक झाले. तसे मात्र घडले नाही. आरशाचा एक धर्म आहे: जो त्याच्या समोर उभा असेल तोच त्यात दिसतो. आरसा कोणाच्या घरात टांगला आहे आणि त्याचे तोंड कोणीकडे आहे, यावर सारे अवलंबून. आरंभीची बहुतेक पत्रे शहरातील शिकलेल्या, वरच्या मानल्या गेलेल्या जातींतील मंडळींनी काढली. त्यांत त्यांची सुखदुःखे, त्यांचे वादविवाद, त्यांची भाषा उतरली. शेतात राबणारा कुणबी, गिरणीत बारा-बारा तास उभा राहणारा मजूर, गावकुसाबाहेर राहणारे लोक, घरोघरच्या स्त्रिया यांनी त्या आरशात पाहिले, तर त्यांना स्वतःचा चेहरा क्वचितच दिसे. दिसलाच तर दुसऱ्याने काढलेले चित्र दिसे. आणि जो मनुष्य रोज आरशात पाहतो पण त्याला स्वतःचे रूप कधीच दिसत नाही, त्याला हळूहळू असे वाटू लागते की, आपण मोजण्याजोगे कोणी नाहीच. हा अन्याय मारहाणीसारखा दिसत नाही, म्हणून त्याची दाद मागणेही कठीण.

ही उणीव ओळखून कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे पत्र काढले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे ते पत्र. शेतकरी आणि कष्टकरी यांची गाऱ्हाणी त्यात छापून येऊ लागली. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवले. लोखंडे यांनीच गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. तुम्ही दर रविवारी उशिरापर्यंत अंथरुणात लोळता, तेव्हा या गृहस्थांची आठवण काढावयास हरकत नाही! विसाव्या शतकाच्या आरंभी याच ‘दीनबंधु’चे संपादन तानुबाई बिर्जे या बाईंनी केले. ज्या काळी मुलींना शाळेत धाडणेही अनेकांना रुचत नव्हते, त्या काळची ही गोष्ट आहे.

परंतु या विषयाचा खरा गाभा पाहावयाचा असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या वृत्तपत्रांकडे वळले पाहिजे.

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. त्यासाठी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य दिले होते. अस्पृश्य म्हणून ज्यांना पाणवठ्यावर, देवळात आणि शाळेच्या ओसरीवर येण्याची मनाई होती, त्यांच्यासाठी हे पत्र होते. पहिल्याच अंकात आंबेडकरांनी हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली. या मनोऱ्याला अनेक मजले आहेत, पण जिना नाही. जो ज्या मजल्यावर जन्मला, त्याने त्याच मजल्यावर मरावयाचे. शिवाय आपल्यावरील अन्याय मांडण्यासाठी वृत्तपत्रासारखी दुसरी भूमी नाही, आणि इतरांची पत्रे या लोकांसाठी पुरेशी जागा देत नाहीत, असेही त्यांनी तेथे स्पष्ट केले.

‘मूकनायक’ म्हणजे मुक्यांचा पुढारी. ज्यांना तोंड असूनही बोलू दिले जात नाही, ते मुकेच. हे पत्र १९२३ साली बंद पडले. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह महाड येथील चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्या तळ्यावर कायद्याने सर्वांचा हक्क होता. तरीही काही लोकांनी सत्याग्रहींवर हल्ला केला, आणि मागाहून तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. आता पाहा, घटना एकच. एक जण तिला ‘तळे बाटवले’ असे म्हणेल, दुसरा ‘हक्क बजावला’ असे म्हणेल. ज्याच्या हाती लेखणी आणि छापखाना, त्याचा शब्द गावोगाव जाणार. म्हणून अवघ्या पंधरवड्यात, ३ एप्रिल १९२७ रोजी, आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’ हे नवे पत्र सुरू केले. पैसा नव्हता, लेखक नव्हते. पत्राचे बहुतेक रकाने त्यांना एकट्यालाच लिहून भरावे लागत.

यानंतर १९२८ साली ‘समता’, १९३० साली ‘जनता’ आणि १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’ ही पत्रे निघाली. आता ही पाचही नावे एका ओळीत ठेवून सावकाश वाचा: मूकनायक, बहिष्कृत भारत, समता, जनता, प्रबुद्ध भारत. छत्तीस वर्षांचा एक प्रवास या नावांत साठवलेला आहे. आधी ‘आम्ही मुके आहोत’. मग ‘आम्ही मुके नाही, आम्हांला बाहेर ठेवले आहे’. पहिल्या शब्दात उणीव आपली वाटते. दुसऱ्यात ती बाहेर ठेवणाऱ्याची आहे हे कळते. केवढा हा फरक! पुढे मागणी आली समतेची. त्यानंतर ‘जनता’: आम्ही कोणी निराळे नव्हे, या देशाचे लोक ते आम्हीच. आणि शेवटी ‘प्रबुद्ध’, म्हणजे जागे झालेले, ज्यांना बोध झाला आहे असे. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले होते. परंतु घटनेतील कलम आणि माणसाच्या मनातील स्वतःविषयीची कल्पना या दोहोंमध्ये बरेच अंतर असते. ते अंतर कापण्यास या पत्रांचा फार उपयोग झाला. पत्राचा अंक वस्तीवर येई, अक्षर येणारा एखादा मुलगा तो वाचे, आणि आजवर इतरांनी दिलेल्या नावांनी ओळखले जाणारे लोक स्वतःला काय म्हणवून घ्यावयाचे ते ठरवू लागत.

छापील अक्षराला वाचणारा लागतो. आवाजाला तोही लागत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीने ‘गीतरामायण’ सुरू केले. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत. दर आठवड्यास एक, अशी वर्षभरात छप्पन्न गीते प्रसारित झाली. त्या वेळी मराठी मुलूख अद्याप निरनिराळ्या राज्यांत वाटलेला होता. महाराष्ट्र राज्य व्हावयास १९६० सालचा १ मे उजाडावा लागला. त्यासाठी झालेल्या चळवळीत आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ आणि शाहिरांचे डफ यांनी जे काम केले, त्याची हकिगत मोठी आहे. पण नकाशावर राज्य उमटण्यापूर्वीच, एकाच वेळी एकच गीत ऐकणारे लोक दूरदूरच्या घरांत तयार झाले होते, एवढे लक्षात घ्यावे.

आजची स्थिती याच्या नेमकी उलट होत चालली आहे. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा पुष्कळ वर्षे वाहिनी एकच होती. शेजारपाजारचे लोक एका खोलीत दाटीवाटीने बसून तेच चित्र पाहत. आता एकाच घरात बहीण एका कोपऱ्यात आणि भाऊ दुसऱ्या कोपऱ्यात आपापला भ्रमणध्वनी घेऊन बसतात, आणि दोघांपुढे येणारा मजकूर निरनिराळा असतो. तुम्ही कोणत्या चित्राशी अधिक वेळ थबकलात याची नोंद त्या यंत्रामागील गणनव्यवस्था ठेवते, आणि तशीच आणखी चित्रे पुढे करते. रागावून थबकलात, तर राग आणणारी चित्रे अधिक येतात. असा आरसा पूर्वी कधी नव्हता. तो पाहणाऱ्याला पाहतो. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जातीच्या वा धर्माच्या लोकांची एकाच प्रकारची दहा चित्रे लागोपाठ पाहिली की, ‘ते सारे असेच’ असे वाटू लागते. ती दहाही चित्रे खरी असतील. तरीही वाटणे खोटे असू शकते. हे कसे, ते मला माझ्या लहानपणीच एका चित्राने शिकवले.

आमचे गाव माणदेशातले. १९७२ सालचा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मी तुमच्याच वयाचा होतो. आई खडी फोडण्याच्या कामावर जाई. आम्ही मिलोची लाल भाकरी खात असू. एके दिवशी शहरातील एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार आला आणि त्याने आटलेल्या तळ्याच्या भेगाळलेल्या चिखलात उभ्या असलेल्या एका बैलाचे छायाचित्र घेतले. बैलाच्या फासळ्या मोजून घ्याव्यात. ते चित्र पहिल्या पानावर आले, खाली आमच्या गावाचे नाव. त्यातही एक अक्षर चुकलेले. चावडीवर सर्वांनी तो अंक पाहिला. गावाला मदत लवकर मिळाली ती त्या चित्रामुळेच, असे वडीलधारी मंडळी सांगत, आणि ते खरेही असावे.

परंतु पुढच्या वर्षी मी शिक्षणासाठी साताऱ्यास वसतिगृहात गेलो, तेव्हा मुले मला नावाने हाक मारीनात. ‘अरे बैलाच्या गावच्या!’ अशी हाक येई. प्रथम मी भांडलो. आमच्या गावची घोंगडी दूरवर विकली जातात, आमच्याकडे धनगर गजीनृत्य करतात तेव्हा सारे शिवार दुमदुमते, असे मी परोपरीने सांगितले. पण यातले काहीच छापून आलेले नव्हते, त्यामुळे त्यावर कोणाचा विश्वास बसेना. काही महिन्यांनी एक नवा मुलगा आला आणि त्याने मला गाव विचारले. मी उत्तर दिले, ‘आमचे गाव दुष्काळी.’ गावाचे नाव मी सांगितलेच नाही. ते उत्तर तोंडातून गेल्यावर माझे मलाच चमत्कारिक वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा ही गोष्ट मी चुलत्यांना सांगितली, कारण चित्रातला तो बैल त्यांचाच होता. त्याचे नाव सर्जा. चुलते हसले आणि मला गोठ्याकडे घेऊन गेले. छावणीत चारा मिळाल्यामुळे सर्जा वाचला होता. पाऊस झाल्यावर त्याने अंगावर चांगलेच मांस धरले होते, आणि मला पाहताच तो शिंगे हलवून उठून उभा राहिला. त्यानंतर नऊ वर्षे त्याने आमची जमीन नांगरली. ही बातमी मात्र कोणत्याही वृत्तपत्रात आली नाही.